पाण्याबाहेर काढलेला डोंगा

मित्रांनो, नाव, होडी, बोट अशी माझी पुष्कळ भावंडे तुम्ही पाहिली असतील. ती फळ्या जोडून आणि खिळे ठोकून केलेली असतात. मी तसा नाही. मी डोंगा आहे. एकाच झाडाचे खोड कोरून काढलेला, अंगात एकही खिळा नसलेला. आता माझ्या अंगावर भेगा आहेत आणि पोटात सुकी पाने साचली आहेत. पण तोंड अजून शाबूत आहे, आणि एकदा बोलायला लागलो की मी कोणाच्या बापाचे ऐकत नाही. तेव्हा बसा जरा पळसाच्या सावलीला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधोमध आमचा हा जुना तलाव आहे. त्याच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, एका बांधीत मी मोहाचे झाड म्हणून उभा होतो. फुलांच्या दिवसांत बायका टोपल्या घेऊन भल्या पहाटे यायच्या आणि त्यांच्याही आधी अस्वल येऊन ताव मारून जायचे. एका वैशाखात असे वादळ सुटले की मी मुळासकट आडवा झालो. आता आपण चुलीतच जाणार, असे मी धरून चाललो होतो. पण ती बांधी ज्याची होती तो बाबुलाल सकाळी आला, माझ्याभोवती फिरला, खोडावर थाप मारली आणि म्हणाला, "हा जाळाचा नाई. याचा डोंगा काढाचा."

बाबुलाल ढिवर होता, मासे धरणारा. धानाची दोन बांध्यांची शेती नावाला, बाकी सगळे पोट तलावावर. तेव्हा त्याचे नुकतेच लग्न झाले होते आणि अंगात जोर असा होता की माझ्या बुंध्याला खांदा लावायला तो कोणाची वाट पाहत नसे.

मला घडवायला अहेरीकडून कोलू नावाचा म्हातारा आला. डोंगे कोरणारे हात तेव्हाच कमी होत चालले होते. कोलू दिवसभर वसुल्याने, सुताराच्या वाकसाने, माझे पोट कोरायचा, मग आत निखारे पसरायचा आणि जळलेले खरवडून काढायचा. दुखले का, विचाराल तर दुखले. पण ज्या दिवशी त्याने मला पाण्यात ढकलले आणि मी न कलंडता तरंगलो, त्या दिवशी सगळे दुखणे विसरलो. जाताना कोलू बाबुलालला एवढेच सांगून गेला, "याले पान्याची सवय लागली का मंग सुकू देजो नोको. उन्हाळ्यात काम नसलं का गोटे भरून बुडवून ठेव. लाकूड तहानलं का फाटते."

बाबुलालने ते ऐकले, आणि कधी मोडले नाही.

मित्रांनो, माझे उमेदीचे दिवस काय सांगू! तांबडे फुटताच बाबुलाल जाळे घेऊन यायचा. आम्ही दोघे थेट तलावाच्या मध्यावर, जिथे पाणी काळे दिसते तिथे जायचो. तो जाळे अर्धचंद्रासारखे सोडायचा आणि मग वल्ह्याच्या दांड्याने माझ्या कुशीवर ठोकायचा. ठुम्म, ठुम्म! तो आवाज पाण्याखाली घुमला की मासे बावचळून जाळ्याकडे पळायचे. प्रत्येक डोंग्याचा आवाज वेगळा असतो. माझा भरदार होता. पाळीवरच्या बायका न पाहताच म्हणायच्या, "बाबुलाल लागला कामाले."

रोहू मिळे, कतला मिळे, पण बाबुलालचा जीव मरळ माशावर. अंगावर काळे पट्टे असलेला, अंगठ्याच्या दाबातूनही निसटणारा बेरकी मासा तो. मरळ लागली की बाबुलाल डोंग्यातच हसायचा, एकटाच. मूलहून अयूब सायकलला टोपली बांधून मासळी घ्यायला यायचा. तो व्यापारी आणि हा ढिवर, पण सौदा आटोपल्यावर दोघे माझ्या काठावर बसून बिडी ओढत गप्पा मारायचे. नाकापेक्षा मोती जड होऊ नये म्हणून माझी फार स्तुती करत नाही. पण एका पावसाळ्यात रस्ता तुटला तेव्हा कळा देणाऱ्या गावातल्या सुकरीला पलीकडच्या काठावर मीच नेले होते. तिची मुलगी आता कॉलेजात जाते.

आणि उन्हाळा म्हणजे माझी सुट्टी. तलाव आटू लागला की बाबुलाल माझ्या पोटात गोटे भरायचा आणि मला काठाजवळच्या पाण्यात बुडवायचा. थंडगार चिखलात मी निवांत पडून राहायचो. ज्या माशांना वर्षभर पकडायला मी मदत केली, त्यांचीच पिल्ले माझ्या पोटात येऊन लपायची. मी काही बोलत नसे. सुट्टीत वैर कशाला?

बाबुलालला आणि सोनीबाईला एकच मुलगा, धनराज. लहान होता तेव्हा पाळीवर उभा राहून रडायचा, "बाबा, मले पन डोंग्यात बसवा ना!" बाबुलाल विरघळायचा, पण बसवायचा नाही. "तुले डोंग्यात नाई, शाळेत बसाचं हाय," असे म्हणून तो मला काठापासून दूर न्यायचा. एकदा डोंग्याची गोडी लागली की पोरगा जन्मभर पाण्यातच राहील, ही त्याला भीती. म्हणून धनराजने मला जन्मभर पाळीवरूनच पाहिले. उन्हाळ्यात मला बुडवतात हेही त्याने पाहिले होते. ते का, हे त्याने विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. चोरांनी नेऊ नये म्हणून बाबा डोंगा लपवतात, असे त्याने आपल्या मनाने ठरवून टाकले होते.

बाबुलालची इच्छा पुरी झाली. धनराज शिकला आणि कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात लागला. क्वार्टर मिळाले, प्रेमिला सून म्हणून आली. इकडे दिवस पालटले. नवी पोरे थर्माकोलच्या तुकड्यावर बसून जाळी लावू लागली. सोनीबाई गेली. बाबुलालला दम लागू लागला, डोळ्यांपुढे धुके येऊ लागले.

धनराज वाईट मुलगा होता असे कृपा करून समजू नका. बापाला एकट्याला तलावाकाठी सोडणे त्याला पटेना. एक दिवस तो गाडी घेऊनच आला. त्या दिवशी बाबुलालने आधी माझे काम केले. छाती फुटेस्तोवर धापा टाकत एकेक गोटा माझ्यात ठेवला आणि मला बुडवले.

"असाच राहू देजो याले," तो मुलाला म्हणाला.

"हाव बाबा, बसा आता गाडीत," धनराज म्हणाला. त्याचे लक्ष बापाच्या औषधांच्या पिशवीकडे होते.

त्यानंतरची खबर मला अयूबकडून कळायची. तो आता थकला होता, धंदा सोडला होता, पण पाळीवर येऊन मोबाइलवर बाबुलालशी बोलायचा. अयूबला वाटे की लांबच्या माणसाशी मोठ्याने बोलावे लागते, आणि फोनही तो स्पीकरवर ठेवी. त्यामुळे पाण्याखालीसुद्धा मला बरेचसे ऐकू यायचे.

"कैसा हाय, बाबुलालभाऊ?"

"बेस हाय. इथी पंखा हाय, टीवी हाय. सून ताटात गरम वाढते. पोरगा मले दाराच्या बाहीर जाऊ देत नाई, थंडी लागन म्हणते."

"मंग अजून काय पाह्यजे तुले?"

पलीकडून बराच वेळ काही आले नाही. मग बाबुलाल म्हणाला, "पानी इथी नळातच हाय, अयूब. एक डाव डोंग्यात बसाचं होतं. मधात, काळ्या पान्यावर. मंग उचललं देवानं तरी चालन."

हे बोलणे धनराजनेही ऐकले असावे. कारण होळीच्या सुट्टीत तो एकटाच गावी आला आणि सरळ तलावावर आला. पाणी खाली गेले होते. चिखलात रुतलेली माझी कड त्याला दिसली आणि त्याचा चेहरा उतरला. "बाबाचा डोंगा काऊन असा सडून राह्यला?" तो स्वतःशीच म्हणाला. "आता चोर तरी कोन नेते याले?"

बापाने एक मागितले होते. ते आपण असे द्यायचे की त्याने पाहत राहावे, एवढेच त्या बिचाऱ्याच्या मनात होते. त्याने चार गडी आणले, माझ्यातले गोटे काढून फेकले, मला ओढून पाळीवर आणले. घासून घासून धुतले. ऊन लागू नये म्हणून वर टिनाचा मांडव घातला, पाऊस लागू नये म्हणून ताडपत्री बांधली. इतके माझे लाड कोणीही केले नव्हते. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर त्या दिवशी मी गाव गोळा केले असते.

चंद्रपूरकडचा उन्हाळा तुम्हांला ठाऊक आहे. सावलीतही अंग भाजते. माझ्या अंगातले पाणी हळूहळू उडून गेले आणि एका दुपारी माझ्या तळाला पहिली भेग पडली. मग दुसरी. पावसाळा आला, तलाव भरला, हाकेच्या अंतरावर पाणी हेलकावत होते आणि मी ताडपत्रीखाली कोरडाठाक. पाळीवरून जाणारे म्हणायचे, "पोरगा असावा तं असा!" ज्यांना डोंग्याची रीत ठाऊक होती ते बहुतेक वर गेले होते. जे उरले होते त्यांना वाटले, शिकला-सवरला मुलगा आहे, काहीतरी समजूनच करत असेल. अयूब त्या वर्षी गुडघे धरून घरातच पडला होता.

दिवाळीत धनराज आला तो बापाच्या आधी, तयारी करायला. ताडपत्री काढली तेव्हा भेगा पाहून तो हबकला. पण सिमेंटच्या गावात राहणारा माणूस भेग पाहिल्यावर दुसरे काय आणणार? त्याने सिमेंट कालवले आणि माझ्या सगळ्या भेगा थापीने लिंपल्या. वर निळा ऑइलपेंट दिला. बाजूला पांढऱ्या अक्षरांत 'बाबुलाल' असे लिहिले, आणि मागे सरून बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. तो आनंद खोटा नव्हता, म्हणूनच मला तो सोसवेना.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबुलाल आला. मी त्याला ओळखलेच नाही. अंगावर स्वेटर, कानाला मफलर, आत माणूस आहे की नाही असे वाटावे इतका वाळलेला. अयूब काठी टेकत आला होता. धनराजने बापाचा हात धरून माझ्या अंगावर ठेवला. "पाहा बाबा, नवाकोरा केला."

बाबुलालने मडके वाजवून पाहावे तसे माझ्या कुशीवर बोटांनी ठोकले. ठुम्म आले नाही. फट् असा कोरडा, फाटका आवाज आला. त्याचा हात थांबला. मग तो हात माझ्या पोटात उतरला, तळावरून हळूहळू फिरला आणि रंगाखालच्या सिमेंटवर येऊन टेकला. डोळ्यांना दिसत नव्हते, पण बोटांना सगळे दिसले.

अयूबच्याही ध्यानात आले. "अरे धनराज, ये तो..." तो बोलायला लागला. बाबुलालने त्याचे मनगट घट्ट दाबले आणि मान हलवली. अयूब उगाच त्याच्या मफलरीकडे पाहू लागला.

"कसा वाटते, बाबा?" धनराजने विचारले.

"बेस केला," बाबुलाल म्हणाला. "लयच बेस केला. चाल, उतरव पान्यात."

मित्रांनो, त्याला तेव्हाच नाही म्हणता आले असते. पण मुलगा होळीपासून त्या एका सकाळसाठी राबला होता. बाबुलाल माझ्यात बसला तो नेमका मोठ्या भेगेवर. मफलर काढून तिची घडी केली, सिमेंटवर ठेवली आणि वर टाच रोवली. धनराजला दिसू नये म्हणून धोतराचा सोगा पसरला. आठ महिने तहानलेला मी पाण्याला टेकलो, आणि मला सुख झाले हे कबूल करतो. पण लाकूड फुगायला दिवस लागतात. त्यांच्याजवळ एक सकाळ होती.

धनराज जन्मात पहिल्यांदा वल्हे मारत होता. आम्ही जागच्या जागी गोल गोल फिरू लागलो. पाळीवरून अयूब ओरडला, "अरे, तेलाचा घाना चालवून राह्यला का?" बाबुलाल हसला, खोकला आणि पुन्हा हसला. "वल्हं उभं धर. पान्याले मारू नोको, मांगं लोट. हाव, असं." थोड्या वेळाने मी सरळ चालू लागलो.

"मधात जाऊ ना बाबा? काळ्या पान्यावर?"

बाबुलालने मध्याकडे तोंड केले. ज्या पाण्याचे नाव घेत त्याने क्वार्टरमधले दिवस काढले ते पाणी समोर होते. त्याच्या टाचेखालची मफलर तोवर भिजून चिंब झाली होती, हे फक्त त्याला आणि मला ठाऊक होते. धनराजला पोहता येत नव्हते. तलावात जाऊ द्यायचे नाही म्हणून बापाने शिकवलेच नव्हते.

"नोको," बाबुलाल म्हणाला. "मधात काई नाई आता. कमळाकडं चाल, उथळात. मरळ तिथीच रायते."

ते खोटे नव्हते, मरळ उथळातही असते. पण मी त्याच्या टाचेखाली होतो. त्याने काय सोडून दिले ते मला त्या टाचेच्या दाबातून कळले.

कमळांपाशी त्याने मुलाला जाळे सोडायला शिकवले. "आता ठोक." धनराजने वल्ह्याने माझ्या कुशीवर ठोकले. प्रत्येक ठोक्यासरशी सिमेंट सुटत होते. बाबुलाल थांब म्हणाला नाही. "अजून. जोरात," म्हणाला. जाळे हलले, आणि धनराजने ओढून आत घेतले तर त्यात हातभर लांबीची मरळ! त्याच क्षणी सिमेंटचा गोळा निखळला आणि पाणी उसळून आत आले.

"बाबा, पानी! पानी येऊन राह्यलं!" धनराज ओंजळीने उपसू लागला. मरळ जाळ्यातून निसटली आणि माझ्या पोटातल्या पाण्यात, बापलेकांच्या पायांमधून गोल गोल फिरू लागली. बाबुलालने वाकून पाण्यात हात घातला. तिची पाठ त्याच्या बोटांना लागली. "पाह्य, डोंग्यातच पोहून राह्यली," तो म्हणाला आणि पूर्वीसारखा हसला. मी बुडत होतो तरी मला ते हसणे ऐकून बरे वाटले.

पाणी छातीएवढेच होते. मी खाली बसलो, मरळ निघून गेली आणि धनराजने बापाला पाठीवर घेऊन काठ गाठला. नंतर गड्यांनी मला ओढून वर काढले.

बाबुलाल अयूबच्या शालीत गुंडाळून बसला होता. धनराज माझ्या उघड्या भेगेपाशी उकिडवा बसून विचारत होता, "मी तं सगळं केल्तं. काऊन फुटला, बाबा? माह्यं काय चुकलं?"

बाबुलालने क्षणभर अयूबकडे तोंड वळवले. मग म्हणाला, "तुह्यं काई नाई चुकलं, बापू. लाकूडच सडलं होतं. उमर झाली होती त्याची. तू होता म्हणून तं एवढा तरी चालला."

मित्रांनो, माझे लाकूड सडले नव्हते. मोहाचे लाकूड मी, अजून कितीतरी वर्षे चाललो असतो. ज्याच्यासाठी जन्मभर अंगावर ठोके खाल्ले त्याने चारचौघांत मला सडका म्हणावे, याचा मला फार राग आला. गाडीत बसण्याआधी तो पुन्हा माझ्याकडे आला. कोणी ऐकत नाही अशी खात्री करून माझ्या काठावर हात ठेवून म्हणाला, "मनावर घेऊ नोको. त्यानं कोनाले विचारावं? मीच तं त्याले कधी बसवलं नाई." मग मात्र माझा राग राहिला नाही.

पौषात बाबुलाल गेला. क्वार्टरमध्ये, पंख्याखाली, स्वच्छ गादीवर. मार्कंड्याला वैनगंगेत अस्थी सोडून धनराज इकडे आला आणि माझ्याजवळ खाली बसला. लोक येऊन सांत्वन करत होते. "उमर झाली होती त्यायची," म्हणत होते. "तू काई कमी केलं नाई." धनराज मान हलवत होता. सगळे गेल्यावर त्याने अयूबला विचारले, "चाचा, खरं सांगा. डोंगा सडलाच होता ना?"

अयूबने माझ्या भेगेतल्या सिमेंटकडे पाहिले आणि तोंड दुसरीकडे फिरवले. "हाव बेटा," तो म्हणाला. "सडला होता." धनराज गुडघ्यांत डोके घालून रडला. त्या रडण्यात थोडी सुटका होती, ती मी ऐकली.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे, बाबुलालसारखे कोणी जुने असेल. त्याला सावली द्या, औषध द्या, गरम ताट द्या. पण त्याआधी त्याच्याजवळ बसून विचारा, तुम्हाला काय हवे? आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबा, कारण म्हाताऱ्या माणसांना उत्तर द्यायला वेळ लागतो. तुमच्यावर जीव असला तर ती खरे सांगतही नाहीत. न विचारता केलेल्या मायेनेही माणूस सुकतो, हे मी माझ्या अंगावरून सांगतो.

आता एवढे एकच मागतो. कधी कोरपन्याकडे गेलात आणि धनराज भेटला, तर 'तुमचा डोंगा भेटला होता' म्हणा. मी कसा फुटलो ते तुम्हांला आता ठाऊक आहे. पण त्याने विचारले, तर लाकूड सडले होते, असेच सांगा.